डोळे आलेल्या भाचीला

कोरेगाव तालुका, जि. सातारा
श्रावण, 2025

चि. चिमणीस,


काल रात्री तुझा फोटो आला. दोन्ही डोळे लालबुंद, पापण्या सुजून जाड झालेल्या, आणि खाली एकच ओळ : ‘आत्या, कुठले ड्रॉप्स घालू?’ पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून काढली, त्यामुळे हा प्रश्न अख्ख्या भावकीने मलाच विचारायचा असतो. मी म्हटलं, ‘मेडिकलमधून आणून काही घालू नकोस, सकाळी डॉक्टरांना दाखव.’ तू खट्टू झालीस. आत्याकडून नाव मिळेल, खोलीवरची मैत्रीण धावत जाऊन आणेल आणि परवाच्या व्हायव्हापर्यंत डोळे पांढरेशुभ्र होतील, असा तुझा हिशोब होता. तो हिशोब जमणार नाही, बाई.

पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. डोळे आलेले असताना वाचल्याने डोळे बिघडत नाहीत, पण झोंबतात, पाणी येतं. तेव्हा थांबत थांबत वाच. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं? एक म्हणजे फोनवर तू प्रत्येक वाक्याला ‘हो आत्या’ म्हणतेस आणि निम्मं ऐकत नाहीस. दुसरं म्हणजे तुझा बाबा शेजारीच बसला होता. त्याचं काय ते पुढे येईलच.

पत्राबरोबर पिशवी आहे. तिच्यात चाळीस फडकी आहेत, तुझ्या आजोबांच्या जुन्या धोतराची, टीचभर चौकोनी. आठवडाभर ऊन नाही, म्हणून उकळून पंख्याखाली वाळवली आणि वर इस्त्री फिरवली. नव्या कापडाला खळ असते, ती सुजलेल्या पापणीला बोचते. धोतर धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं असतं. कापूस वापरू नकोस म्हणत नाही, पण त्याचे तंतू पापणीच्या केसांना चिकटतात आणि ते काढताना तू पुन्हा बोटं घालणार.

सकाळी उठशील तेव्हा पापण्या चिकटलेल्या असतील. घाबरायचं नाही, ओढून उघडायच्याही नाहीत. पाणी उकळून कोमट होऊ दे. आधी हात साबणाने धू. एक फडकं भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर ठेव. चिपडं फुगतात आणि सुटी होतात. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच पुसायचं. परत मागे न्यायचं नाही, तेच फडकं दुसऱ्यांदा नाही, त्याच फडक्याने दुसरा डोळा तर नाहीच. वापरलेलं सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाक आणि पिशवीचं तोंड बांध. धोतर पवित्र होतं वगैरे मनात आणू नकोस. आजोबा असते तर त्यांनीच टराटरा फाडून दिलं असतं.

चुरचुर वाटेल तेव्हा थंड पाण्याची घडी ठेव, बरं वाटतं. डॉक्टर बहुतेक कृत्रिम अश्रूंचे थेंब देतील, तेही चालतात. तू लेन्स लावतेस ना? त्या आजच काढ, डबीसकट टाकून दे आणि लेन्स लावत होतीस हे डॉक्टरांना तोंडाने सांग. लेन्सवाल्याचा लाल डोळा डॉक्टर वेगळ्या नजरेने तपासतात, कारण त्यात बुबुळावर जखम असायची शक्यता जास्त. काजळाची कांडीही टाक. तीनशे रुपयांची आहे म्हणून रडू नकोस.

आता तुला नेमकं काय झालंय ते सांगते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. एरवी तो आहे हे कळतही नाही. त्याला सूज आली की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. इंग्रजीत रंगावरून नाव पडलं. तुमच्या वसतिगृहात त्याला ‘आय फ्लू’ म्हणतात, पण त्याचा फ्लूशी काही संबंध नाही. आपल्याकडे डोळे ‘येतात’. ताप येतो, तोंड येतं, पूर्वी देवी यायच्या, तसे. आलेलं आपल्या वेळेने जाईल, असं त्या क्रियापदातच गृहीत धरलेलं असावं असं मला नेहमी वाटत आलंय, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं. दहाव्या वेळेविषयी मला जास्त बोलायचं आहे, पण क्रमाने घेऊ.

तुझ्या फोटोत पाणी दिसतंय, पू नाही. आधी उजवा डोळा लाल झाला आणि दुसऱ्या दिवशी डावा, असं तू म्हणालीस. कानापुढे दाबलं की दुखतं, घसाही धरलाय. ही सगळी लक्षणं विषाणूची. त्यावर प्रतिजैविकाचे थेंब काही करत नाहीत. जिवाणूंमुळे आलेले डोळे वेगळे, त्यात दाट पिवळा-हिरवा पू दिवसभर येत राहतो, तिथे ते थेंब उपयोगाचे. आणि दोन्ही डोळ्यांना बेसुमार खाज असेल, सोबत शिंका असतील, तर ती ॲलर्जी, ती कुणाला लागत नाही. कागदावर हे तीन प्रकार असे सुटे दिसतात. प्रत्यक्षात मी पस्तीस वर्षं पाहूनही कित्येकदा चुकले, म्हणून डॉक्टरांना दाखव म्हणते.

किती दिवस? विषाणूवर अवलंबून. एन्टेरोव्हायरसच्या जातीचा असेल तर लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांत डोळे येतात, भराभर वाढतात, पांढऱ्यावर रक्ताचे डागही दिसतात, आणि आठवड्याभरात निवळतात. ॲडेनोव्हायरस सावकाश येतो, पहिला आठवडा वाढतच जातो आणि पूर्ण बरं व्हायला दोन, कधी तीन आठवडे घेतो. चौथ्या दिवशी ‘आत्या, वाढलंय!’ असा फोन तू करणार, मला आत्ताच दिसतंय. तेव्हा वाढणं हे त्याच्या स्वभावातच आहे हे लक्षात ठेव.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा, 1971 साली, आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. तुझे आजोबा गिरणीत होते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत आम्ही सहा जणं, आणि गावाकडून येणारे पाहुणे वेगळे. त्या वर्षी मुंबईत डोळ्यांची अशी साथ आली की आमच्या मजल्यावर धड डोळ्यांचं माणूस उरलं नाही. रात्रपाळीहून आजोबा आले, चुरचुरतंय म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी आमची सगळी खोली भिंतीला धरून चालत होती. आईने हळदीच्या पाण्यात फडकं भिजवून वाळवलं होतं आणि त्या पिवळ्या फडक्याने ती ओळीने सगळ्यांचे डोळे पुसायची. एकच फडकं. दाराच्या खिळ्याला एकच पंचा. मोरीत एकच तांब्या. हळदीवर तिची श्रद्धा होती आणि हळदीचा रंग पडल्याने बोटं डोळ्याकडे कमी गेली असतील तर तेवढा फायदा झालाही असेल, पण त्या एका फडक्याने साथ कशी फिरली हे मला शिकायला गेल्यावर कळलं.

ती साथ साधी नव्हती, हेही नंतरच कळलं. 1969 मध्ये आफ्रिकेतल्या घानात ती सुरू झाली. माणूस चंद्रावर उतरला तेच दिवस, म्हणून तिथल्या लोकांनी तिला ‘अपोलो’चं नाव दिलं. दोन वर्षांत ती आपल्याकडे आली. कोलकात्यात बांगलादेशाच्या युद्धाचे आणि निर्वासितांचे दिवस होते, तिथे तिचं नाव पडलं ‘जय बांगला’. (रोगांना नावं ठेवण्यात माणसाची कल्पकता ओसंडून वाहते. औषध शोधताना तेवढी दिसत नाही.) मुंबईत त्या साथीनंतर काही रुग्णांच्या पायांतली ताकद पोलिओसारखी गेली. डॉ. नोशीर वाडिया यांनी ते टिपलं आणि 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. तुला घाबरवायला सांगत नाही, अशी माणसं फार थोडी होती. पण ‘डोळेच तर आलेत’ म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांना मी हे ऐकवते.

2023 ची साथ तुला आठवत असेल, तू बारावीत होतीस. जुलैत आळंदीच्या शाळांमधून सुरू झाली आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत राज्यभर पसरली. दोन लाखांवर रुग्णांची नोंद झाली, सगळ्यांत जास्त बुलढाणा जिल्ह्यात. शाळांनी पोरांना घरी बसवलं, आणि एस.टी. स्टँडवर काळे गॉगल विकणाऱ्यांची चांदी झाली.

त्या गॉगलची एक गंमत आहे. नजरेला नजर भिडली की डोळे येतात, असं आजही शिकलेली माणसं मानतात. दवाखान्यात बायका माझ्याशी पाठ करून बोलायच्या. नुसतं बघितल्याने काहीही होत नाही. प्रकाशाला विषाणू चिकटत नाहीत. ज्याचे डोळे आलेत तो डोळा चोळतो, तोच हात दाराच्या कडीला लावतो, ती कडी तू उघडतेस आणि तुझा हात तुझ्या डोळ्याला जातो. एवढाच प्रवास. गॉगलने उजेड सोसतो आणि डोळ्याकडे जाणारा हात काचेवर आपटून थबकतो, म्हणून तो लाव. लोकांवर उपकार म्हणून नको.

हे विषाणू चिवट असतात. कोरड्या लाकडावर, प्लास्टिकवर, फोनच्या काचेवर दिवसेंदिवस तग धरतात. शिवाय कोविडच्या विषाणूला असतं तसं स्निग्ध आवरण यांना नसतं, त्यामुळे सॅनिटायझरच्या दोन थेंबांना ते फारसे भीक घालत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. तुमच्या मजल्यावरच्या बेसिनला साबण नसतो असं तू म्हणाली होतीस. पिशवीत दोन वड्या आहेत. एक तुझी, एक बेसिनवर ठेव आणि कोण उचलून नेतं त्याच्यावर लक्ष ठेव.

टॉवेल एकाच दोरीवर वाळत घालता ना तुम्ही? तुझा वेगळा घाल. उशीचा अभ्रा रोज बदल. चार दिलेत, गरम पाण्यात धुऊन फिरवून वापर. चष्मा साबणाने धू. फोनची काच पुसून घे आणि आठवडाभर मैत्रिणीला ‘हे रील बघ’ म्हणून फोन हातात देऊ नकोस. डोळ्यांतून पाणी येतंय तोवर वर्गात जायचं नाही, पोहायच्या तलावात तर नाहीच. व्हायव्हाचं सरांना लिही, फोटो जोड. कुठलाही शहाणा मास्तर त्या फोटोनंतर तुला केबिनमध्ये बोलावणार नाही.

आम्ही दवाखान्यातलेही याला अपवाद नव्हतो बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या गोद्यांमधल्या कामगारांत अशीच साथ पसरली, तिचं नावच ‘शिपयार्ड आय’ पडलं. डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण काढून घ्यायला कामगार प्रथमोपचार केंद्रात जायचे आणि साथ घेऊन बाहेर पडायचे, कारण तपासणाऱ्याचे हात आणि अवजारं एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जात होती. आमच्या सिस्टर ट्यूटरनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या जणी नकळत आपापल्या हातांकडे बघायला लागलो.

घरगुती उपायांची तर यादीच नको. गुलाबपाणी, धन्याचं पाणी, मध, एरंडेल, तूप, बाळंतिणीचं दूध, सगळं मी डोळ्यांत घातलेलं पाहिलं आहे. मला त्यांचा राग नाही, ज्यांच्या गावाला डॉक्टर नव्हता त्यांनी करायचं काय? तुझ्या पणजीला खुपऱ्या होत्या. हा शब्द तू ऐकला नसशील. तोही डोळ्यांच्या पडद्याचाच आजार, पण वर्षानुवर्षं मुरणारा. पापणी आतून खरबरीत होते, मग आत वळते आणि केस बुबुळावर घासतात. ती दुपारी ओसरीवर बसायची आणि चिमट्याने एकेक केस उपटून घ्यायची, आरशाशिवाय, नुसत्या अंदाजाने. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या संपल्या. ती बातमी वाचताना मला तिचा तो पितळी चिमटा आठवला. तर, डोळ्यात निर्जंतुक नसलेलं काहीही घालायचं नाही, मग ते तुपाइतकं सात्त्विक का असेना.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे.

तुझ्या बाबाच्या डाव्या बुबुळावर फूल आहे. लहानपणी तू त्याच्या मांडीवर बसून विचारायचीस, हे पांढरं काय आहे, आणि तो सांगायचा, विटी लागली. विटीदांडू खेळताना समोरच्या पोराने मारलेली विटी कशी भिरभिरत आली, त्याने झेल कसा घ्यायला पाहिला, हे तो इतकं रंगवून सांगतो की त्या पोराचं नावही त्याने ठरवून ठेवलंय. विटी लागली नव्हती, चिमणे. ते फूल माझ्यामुळे पडलं.

1982 चं साल. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. चार-सहा महिने वाट पाहून आजोबांनी खोली भावकीतल्या एकाकडे सोपवली आणि सगळं बिऱ्हाड गावी आणलं. घरात पैसा नव्हता. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, गणपतीला घरी आले. डोक्यात वाऱ्यासारखं शिरलेलं होतं की मला आता बरंच कळतं. गावात चार-पाच घरांत डोळे आलेले होते. तुझा बाबा चौदा वर्षांचा. त्याचा डावा डोळा लाल होता, पाणी वाहत होतं. मी एक नजर टाकली आणि म्हटलं, डोळे आलेत.

शेजारच्या काकूंचं उन्हाळ्यात नेत्रशिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्याकडे थेंबांची बाटली उरलेली होती, निम्मी, फडताळात तीन महिने पडलेली. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकायची असते हे मी शिकले होते. तिच्यात स्टिरॉइड आहे हे लेबलवर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण तालुक्याला जायचे एस.टी.चे पैसे आणि डॉक्टरची फी हा विचार आईच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि मला तो पुसून टाकायचा होता. थेंब मी माझ्या हाताने घातले. दिवसातून चार वेळा.

आणि डोळा सुधारला. हेच तुला नीट सांगायचं आहे. दोन दिवसांत लाली उतरली, सूज ओसरली. आई आल्यागेल्याला सांगत होती, पोरगी शिकली त्याचं सार्थक झालं. स्टिरॉइड सूज दाबतं, डोळा पांढरा दिसायला लागतो. आत विषाणू असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. गौरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी तो माजघरात घोंगडी डोक्यावरून घेऊन बसला, दिव्याची वात चढवली तरी ओरडायचा. मी समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं, उजवा डोळा झाकला आणि विचारलं, आज तारीख काय? तो म्हणाला, ‘ताई, भिंत दिसतेय.’

साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाची पट्टी लावली आणि निळ्या दिव्याखाली मला बघायला लावलं, शिकतेयस ना, बघ म्हणून. हा नागिणीच्या जवळच्या विषाणूचा, हर्पिसचा व्रण. सुरुवातीला तो झाडाच्या नाजूक फांदीसारखा दिसतो, त्याच वेळी उपचार झाले तर बहुतेक डोळे वाचतात. माझ्या थेंबांनंतर ती फांदी राहिली नव्हती. बुबुळाच्या मधोमध नकाशातल्या देशासारखा हिरवा पसरट डाग चमकत होता. डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

साथ चालू असली की प्रत्येक लाल डोळा साथीचाच वाटतो. तिथे मी चुकले. माझ्यासमोर सगळं होतं : पाच दिवस होऊनही एकच डोळा लाल होता, दुसरा स्वच्छ. त्याला खुपत नव्हतं, दुखत होतं, आतून, ठणकल्यासारखं. उजेड सहन होत नव्हता. आणि नजर अंधूक झाली होती, चिपडं पुसल्यावरही. यातलं एक जरी दिसलं तरी ते ‘डोळे आले’ म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. बुबुळावर पांढरट ठिपका दिसला तरी, आणि महिन्याच्या आतलं बाळ असेल तर नुसता पू आला तरी.

म्हणून तू रोज सकाळी एक करायचं. चिपडं पुसून झाली, तोंड धुतलं, की चष्मा लावून खोलीच्या या टोकाला उभी राहा आणि समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय वाच. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. (दाबायचं नाही, हातही लावायचा नाही, वहीचा पुठ्ठा धर.) तारखेखालचं बारीक अक्षर काल जेवढं वाचता आलं तेवढं आज आलं पाहिजे. ॲडेनोव्हायरसमध्ये दुसऱ्या आठवड्यानंतर थोडं धुरकट होऊ शकतं, बुबुळात बारीक ठिपके उमटतात. ते बहुधा हळूहळू जातात, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आणि खोलीवरच्या मैत्रिणीने स्वतःच्या डोळ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली बाटली. खोका हातात घे आणि छोट्या अक्षरातली नावं वाच. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, असं ‘सोन’ किंवा ‘लोन’ शेवटी असलेलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. पुष्कळदा ते प्रतिजैविकाबरोबर एकाच बाटलीत असतं, त्यामुळे दुकानदारालाही ‘अँटिबायोटिक आहे’ म्हणून द्यायला सोपं जातं. स्टिरॉइड वाईट नव्हे. मोतीबिंदूनंतर तेच लागतं, आणि डोळे येण्याच्या काही जबर प्रकारांतही डॉक्टर ते देतात, पण यंत्राखाली बुबुळ तपासून, आणि पुन्हा बोलावून डोळ्यातला दाब मोजून. आपल्या मनाने महिनोन् महिने घातलं तर काचबिंदू होतो. त्या बाटलीने दोन दिवसांत डोळे पांढरे झाले म्हणून मैत्रीण खूश असेल, तर तिलाही तुझ्याबरोबर डॉक्टरकडे ने. तिच्याशी भांडू नकोस. मलाही त्या वेळी कुणी भांडून पटवू शकलं नसतं.

विटीची गोष्ट मी रचली नाही. साताऱ्याहून परत आलो, ओटीवर माणसं जमली होती, कुणीतरी विचारलं, काय झालं रे? मी तोंड उघडायच्या आत पट्टी बांधलेला तो चौदा वर्षांचा पोरगा म्हणाला, ‘विटी लागली.’ तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं तीच लागते आहे. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्यांना लागली, तुझ्या आईला लागली, तुला लागली. मी एकदा त्याला म्हटलं, आता तरी सांगू दे. तर म्हणाला, ‘ताई, त्या पोराला मी कधीच माफ केलंय.’ आणि पेपर उजव्या बाजूला कलता करून वाचायला लागला. तो पेपर तसा का धरतो, हे तू मला विचारलं होतंस. त्याला विचारशील तर तो झेल कसा सुटला तेच सांगेल, तेव्हा विचारू नकोस. पण तू आता वीस वर्षांची आहेस, आणि थेंबांचं नाव तू मलाच विचारलंस, म्हणून तुला माहीत हवं.

ही पिशवी तोच घेऊन येतो आहे. सकाळच्या सातारा-स्वारगेट गाडीने निघेल, पिशवी तुमच्या फाटकावर वॉचमनकडे देईल आणि कचेरीतल्या कामाला जाईल. पाकिटाला मी डिंक लावलाय, पण त्याला संशय आहे. संध्याकाळी पाचला परतीच्या गाडीआधी तुला भेटायला येणार म्हणतो. मी नको म्हटलं, ऐकत नाही.

तर तू खाली जायच्या आधी हात धू. फाटकाच्या आत उभी राहा, तो बाहेर. तुझा रुमाल, पाण्याची बाटली, फोन, काही त्याच्या हातात द्यायचं नाही. त्याला एकच डोळा आहे, एवढं त्या पाच मिनिटांत विसरू नकोस. तो चष्मा वर सरकवेल, मान उजवीकडे कलती करेल आणि गजांतून तुझ्या डोळ्यांत टक लावून बघेल, आपल्यासारखं तर नाही ना हे बघायला. तेव्हा तू गॉगल काढ. बघू दे त्याला पोटभर, बघण्याने काही होत नाही. गालाला हात लावायला पुढे येईल, तेव्हा मात्र दोन पावलं मागे सर.

तुझी
आत्या

ता.क. : वॉचमनला सांग, वडिलांना आत सोडू नका म्हणून. तुझं एकवेळ ऐकणार नाही, गणवेशाला तो अजून दबतो.